पदराच्या गाठीतले निदान

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा संपादकांचा प्रेमळ आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी 'वेळ नाही' या खास डॉक्टरी सबबीआड दडतो. या वर्षी मात्र ती सबब पुढे करावीशी वाटली नाही. माझ्या हातून होता होता राहिलेली एक चूक पुष्कळ दिवस मनात सलते आहे. आपल्या यशस्वी रुग्णांच्या कथा आपण परिषदांतून हौसेने सांगतो. हुकलेल्या निदानांविषयी मात्र सहसा बोलत नाही. म्हणून ही गोष्ट आपल्याच माणसांत, आपल्याच भाषेत सांगावी असे ठरवले.

महाशिवरात्र होऊन चार-पाच दिवस झाले होते. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडच्या बांधकामावर मजुरी करणारे एक कुटुंब रात्री साडेनऊच्या सुमारास चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. आई, वडील आणि सोबत आजी. मूल तापाने फणफणलेले, चेहरा लालबुंद, नाडीचे ठोके मिनिटाला एकशे साठच्या वर. ते आईला ओळखत नव्हते. हवेतून न दिसणारे धागे ओढावेत तशी त्याची बोटे सारखी चालत होती. मध्येच हसे, मध्येच दचकून किंचाळे. दुपारपर्यंत ते शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत इतर मुलांबरोबर खेळत होते, एवढीच माहिती मिळाली.

ताप आणि भ्रम एकत्र दिसले की बालरोगतज्ज्ञाचे मन ज्या वाटेने धावते त्याच वाटेने माझेही धावले. मेंदूज्वर. शीर शोधून सलाइन लावले, तापाचे औषध दिले, प्रतिजैविकाचा पहिला डोस भरण्यास सांगितला आणि पाठीच्या कण्यातले पाणी काढण्याची तयारी सुरू केली. बाहुल्या मोठ्या झालेल्या मी पाहिल्या होत्या, नाही असे नाही. पण मेंदूवरचा दाब वाढला असावा, असा अर्थ मी स्वतःच लावून मोकळा झालो. सकाळी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागेल आणि त्याला इतका खर्च येईल, हेही वडिलांना सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. रोजंदारीवरचा माणूस अशा वेळी काय बोलणार?

आजी मात्र एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत होती. 'उम्मत्त, उम्मत्त.' मी तो 'उन्मत्त' असा ऐकला. नातू बेभान झाला आहे, वेड्यासारखे करतो आहे, असे म्हातारी सांगते आहे, अशी माझी समजूत झाली. 'हो आजी, दिसते आहे मला,' असे तिला कन्नडमध्ये सांगून मी पुढे कामाला लागलो. रात्रपाळीची आमची परिचारिका मूळची खेड्यातली. ती सुई बाजूला ठेवून आजीपाशी गेली, दोन वाक्ये बोलली आणि आजीने पदराची गाठ सोडून तिच्या हातावर एक वस्तू ठेवली. अर्धवट फुटलेले, काटेरी, हिरवे बोंड होते ते. धोत्र्याचे. कन्नडमध्ये धोत्र्याला 'उम्मत्त' म्हणतात. आजी नातवाचे लक्षण सांगत नव्हती, निदान सांगत होती.

त्यानंतर सगळे चित्र एका क्षणात उलगडले. ताप होता, पण अंगाला घामाचा टिपूसही नव्हता. जीभ लाकडासारखी कोरडी होती. फुगलेले पोट म्हणजे तुडुंब भरलेले मूत्राशय होते. नळी घालताच मूल थोडे शांत झाले. कण्यातले पाणी काढणे रद्द केले. अंग कोमट पाण्याने पुसत राहिलो, झटके येऊ नयेत आणि तगमग कमी व्हावी म्हणून लोराझेपाम दिले, खोलीतले दिवे मंद केले आणि हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून बसलो. सुमारे तीस तासांनी मुलाने आईला हाक मारली. बाहुल्या पूर्ववत व्हायला आणखी काही दिवस लागले. दुसरे काहीही करावे लागले नाही.

मूल वाचले हे खरे, पण लाज वाटायला लावणारी गोष्ट निराळीच आहे. हे दृश्य मला नवीन नव्हते. इंटर्नशिपमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात ते मी किती रात्री पाहिले असेल, याची गणती नाही. आपला हा कापूस-मिरचीचा मुलूख. कीटकनाशक प्यालेले किंवा फवारताना बाधलेले रुग्ण आमच्याकडे रोज येत. त्यांना ॲट्रोपिनची इंजेक्शने एकामागून एक द्यायची, छातीतला स्राव सुकेपर्यंत द्यायची, आणि डोस जास्त झाला की रुग्ण लाल होतो, तापतो, चादरीचे धागे ओढू लागतो, हे आम्हाला वरिष्ठांनी घोकून घेतले होते. तसे झाले की डोस कमी करायचा, हेही हाताला बसले होते. म्हणजे ॲट्रोपिनचा अतिरेक मी झोपेतही ओळखला असता. पण तो कुपीतून आलेला असेल तरच. तेच द्रव्य शेडमागच्या झुडपातून आले तेव्हा मला ते ओळखता आले नाही. माझे ज्ञान कुपीच्या लेबलापाशी संपत होते.

धोत्र्यात नेमके काय असते, ते थोडक्यात सांगतो. स्मरणिका घरातली इतर मंडळीही वाचतात. वनस्पतींत तयार होणाऱ्या, नायट्रोजनयुक्त आणि बहुधा कडू अशा द्रव्यांच्या एका मोठ्या वर्गाला अल्कलॉइड म्हणतात. अफूतले मॉर्फिन, सिंकोनाच्या सालीतले क्विनीन, काजऱ्याच्या बीतले स्ट्रिक्नीन, कळलावीतले कोल्चिसिन, तंबाखूतले निकोटिन आणि आपल्या सकाळच्या चहा-कॉफीतले कॅफिन ही सारी त्याच गोत्रातली. धोत्र्याच्या पानाफुलांत, मुळांत आणि विशेषतः बियांत हायोसायमिन व हायोसिन ही अल्कलॉइडे असतात. ॲट्रोपिन हे हायोसायमिनचेच रूप. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जर्मन रसायनज्ञांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आपल्या शरीरात लाळ सुटणे, घाम येणे, बाहुली आकसणे, आतडी हलणे, लघवी होणे, हृदयाची गती आवरणे या कामांचे निरोप ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पोहोचवते. ही अल्कलॉइडे त्या निरोप्याची जागा अडवून बसतात. निरोप पोहोचत नाही. म्हणून तोंड कोरडे, कातडी कोरडी, बाहुली विस्फारलेली, आतडी स्तब्ध आणि हृदय सुसाट. मेंदूतही तीच अडवणूक होते आणि माणूस भ्रमिष्ट होतो. घाम बंद झाल्याने ताप वाढतो, त्यामुळे तापाच्या गोळीचा त्यावर काही उपयोग होत नाही. अंग पुसून थंड करणे हाच उपाय.

प्रमाणाचाही विचार करू. स्ट्रॅमोनियम जातीच्या धोत्र्याच्या शंभर बियांत ढोबळमानाने सहा मिलिग्रॅम ॲट्रोपिन असते, असे विषशास्त्राच्या ग्रंथांत दिलेले असते. झाडागणिक, ऋतूगणिक हा आकडा बदलतो. हृदयाची गती मंदावलेल्या मुलाला आपण किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम ॲट्रोपिन देतो. म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला ०.३ मिलिग्रॅम. हिशेब केला तर एवढे औषध अवघ्या पाच बियांत भरते. आणि एका बोंडात बिया शेकड्याने असतात. खेळता खेळता तोंडात टाकलेली चिमूट मुलाला कुठे नेऊन ठेवते, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या पूर्वजांना या झाडाची ओळख आपल्यापेक्षा चांगली होती. अमरकोशात धोत्र्याला दिलेल्या नावांत उन्मत्त आहे, कितव म्हणजे जुगारी आहे आणि धूर्तही आहे. पहिल्या नावात रोगलक्षण आहे. पुढच्या दोन नावांत गुन्ह्याची चाहूल आहे. धोत्र्याच्या बिया अन्नातून देऊन वाटसरूंना लुबाडण्याचा धंदा या देशात शतकानुशतके चालला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादग्रंथात धोत्र्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. अन्नातून धोत्रा दिलेला माणूस भान हरपतो, हसत राहतो आणि चोराला आपल्या हाताने वस्तू काढून देतो, असे तिथे वाचायला मिळते. आजचा कोणताही पदव्युत्तर विद्यार्थी त्या वर्णनावरून निदान करू शकेल, इतके ते नेमके आहे. संस्कृतातला 'धत्तूर' हाच शब्द हिंदीच्या वाटेने युरोपात पोहोचला आणि लिनियसच्या शास्त्रीय नामावलीत 'डाटुरा' होऊन बसला. नाव आपण जगाला दिले. आपल्यापाशी मात्र ते उरले नाही.

हे विषही आहे आणि औषधही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून दम्यावर धोत्र्याच्या धुराचा उपाय इंग्लंडमध्ये पोहोचला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तिकडे दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. आज मी धाप लागलेल्या मुलाला नेब्युलायझरमधून इप्राट्रोपियम देतो, ते ॲट्रोपिनपासूनच घडवलेले औषध आहे. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून नेत्रतज्ज्ञ हल्ली ०.०१ टक्के ॲट्रोपिनचे थेंब देतात. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर बाधले आणि त्यांतले कित्येक दगावले, तेव्हाही ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर डॉक्टरांच्या हातातले पहिले शस्त्र ॲट्रोपिनच होते. शेताच्या बांधावरचे झुडूप आणि शेतातल्या विषाचा उतारा यांच्यात असे नाते आहे. गंमत अशी की, धोत्र्याचा स्वतःचा उतारा फायसोस्टिग्मिन हाही पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार नावाच्या विषारी शेंगेतून मिळालेला अल्कलॉइडच आहे. ॲट्रोपिनच्या विषबाधेवर त्याचा उपयोग प्रागमध्ये १८६४ साली झाला. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. अलीकडे त्याच्या जागी रिव्हास्टिग्मिन वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध होऊ लागले आहेत. पण बहुतेक मुले उताऱ्याशिवाय, केवळ नीट शुश्रूषेने बरी होतात. अट एकच. निदान वेळेवर व्हावे.

आता माझे म्हणणे मांडतो. वनस्पतींच्या विषबाधेत पहिली तपासणी प्रयोगशाळेत होत नाही. ती घरच्या माणसाच्या तोंडून येणाऱ्या नावात असते. ते नाव ऐकण्याचा कान आपण डॉक्टरांनी गमावला आहे. आपण पिढ्यान् पिढ्या या हुबळी-धारवाड परिसरात राहतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, महाविद्यालयात इंग्रजी. 'कधीपासून दुखते', 'किती वेळा उलटी झाली' एवढी दवाखान्याची कन्नड आपल्याला उत्तम येते. पण बांधावरच्या झाडांची कन्नड नावे किती जणांना ठाऊक आहेत? उम्मत्त, मदगुणिके ही धोत्र्याची नावे मला त्या रात्रीपूर्वी ठाऊक नव्हती. मराठीची अवस्था तरी काय वेगळी आहे? माझी आजी परसातल्या पंचवीस झाडांची नावे आणि गुणदोष एका दमात सांगत असे. मी एम.डी. झालो आणि त्यांतली पाचही धड ओळखू शकत नाही.

'राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे की, तिथे फोन करावा,' असे कुणी म्हणेल. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ साली सुरू झालेले हे केंद्र दिवसरात्र सल्ला देते आणि त्याचा उपयोग प्रत्येकाने अवश्य करावा. परंतु तिथेही पहिला प्रश्न हाच येणार, की मुलाने काय खाल्ले? त्याचे उत्तर तारिहाळच्या शेडमागेच शोधावे लागते.

नावांचा घोळही लहान नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचे, काटेरी पानांचे एक झुडूप असते; त्याला आपण पिवळा धोत्रा म्हणतो. त्याचा खऱ्या धोत्र्याशी काडीचा संबंध नाही. ते मेक्सिकोतून आलेले, खसखशीच्या कुळातले झाड. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांच्या तेलात सँग्विनारिन हा निराळाच अल्कलॉइड असतो. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलामुळे तीन हजारांवर माणसे सूज, धाप आणि हृदयविकाराने आजारी पडली आणि साठाहून अधिक दगावली, ते या पिवळ्या धोत्र्यामुळे. त्यात ना बाहुल्या विस्फारतात, ना भ्रम होतो. तेव्हा 'धोत्रा' एवढे ऐकून थांबू नये. फूल पांढरे की जांभळे की पिवळे, हे विचारावे. खऱ्या धोत्र्याच्या बियांचे साम्य तर आपल्या ओळखीच्या मिरचीशी आहे. दोन्ही एकाच कुळातली. न्यायवैद्यकाच्या तोंडी परीक्षेत या दोन बियांतला फरक हमखास विचारतात आणि परीक्षा संपताच आपण तो विसरतो. ज्या मुलुखात ब्याडगी मिरचीच्या राशी पडतात, तिथे तरी तो विसरता कामा नये. मिरचीची बी फिकट पिवळी आणि तिखट. धोत्र्याची मूत्रपिंडाच्या आकाराची, तपकिरी आणि कडू.

यावर दोन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला असा, की वर्षाकाठी अशी मुले किती येतात? रॉकेल प्यालेली, कीटकनाशकाने बाधलेली, सर्पदंशाची मुले पुष्कळ अधिक. मग धोत्र्याचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाही. पण ज्या मुलाला मंद दिवा, ओले फडके, लघवीची नळी आणि एक शामक एवढ्यावर पूर्ण बरे करता येते, त्याच मुलाला चुकीच्या निदानापायी कण्यात सुई, दहा दिवसांची प्रतिजैविके आणि अतिदक्षता विभागाचे बिल भोगावे लागते. मजुराच्या घरी असे एक बिल पुढची दोन वर्षे खाऊन टाकते. शिवाय ही गोष्ट एका मुलापुरती राहतेच असे नाही. २०१९ साली युगांडाच्या करामोजा भागात मदत म्हणून वाटलेल्या पिठात धोत्र्याची अल्कलॉइडे आढळली. सुमारे तीनशे माणसे बाधली आणि पाच जण दगावली. २०२२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात पालकाच्या पाकिटांत धोत्र्याची पाने मिसळली गेली आणि शेकडो लोकांना त्रास झाला. युरोपीय संघाने धान्यातील या अल्कलॉइडांवर कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. सोयाबीन, ज्वारी, भरडधान्ये जिथे पिकतात तिथे धोत्राही उगवतो, आणि आपला जिल्हा नेमका तसा आहे. एकाच वस्तीतून एकाच दिवशी चार माणसे बरळत आली, तर ते ओळखणार कोण?

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या दिशेने येतो. झाडच उपटून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. मुलाच्या वडिलांनीही मला घरी जाताना हेच विचारले होते, 'साहेब, सगळी झाडे कापून टाकू का?' मी त्यांना नको म्हटले. घराला लागून असलेले झुडूप काढावे, हे योग्यच. पण गावभरचा धोत्रा उपटून संपत नाही. एका बोंडातल्या बिया पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवतात. शिवाय धोत्रा गेला तर कण्हेर आहे, गुंज आहे, मोगली एरंड आहे. किती उपटणार? आणि धोत्रा महादेवाला प्रिय. महाशिवरात्रीला दुर्गदबैलच्या बाजारात बेलाच्या पानांशेजारी धोत्र्याची फुले-बोंडे विकायला येतात, घरोघरी पिंडीवर वाहिली जातात. ही श्रद्धा तोडण्याचे कारण नाही. हालाहल पचवणाऱ्या देवाला विषारी फूल वाहण्यात जी समज आहे, तीच मुळी 'हे माणसाने खायचे नाही' असे सांगणारी आहे. प्रश्न पूजेचा नाही, निर्माल्याचा आहे. दुसऱ्या दिवशी ते कुठे टाकले जाते आणि तिथे कोण खेळते, एवढेच पाहायचे.

'निसर्गातले म्हणजे निरुपद्रवी' हा आजच्या सुशिक्षितांचा लाडका समज मात्र मला अधिक घातक वाटतो. सांधे दुखतात म्हणून पाला बांधणे, दम्यासाठी पानांचा धूर घेणे, कुणाच्या सांगण्यावरून बियांचे चूर्ण खाणे हे प्रकार अजून संपलेले नाहीत. आयुर्वेदाने स्वतः धोत्र्याला उपविषांत गणले आहे. शोधन केल्याशिवाय तो वापरू नये असे बजावले आहे. आपल्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये विषारी द्रव्यांच्या यादीत धोत्र्याचा समावेश आहे आणि ती द्रव्ये असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर असावा लागतो. परंपरेच्या नावाने जे लोक बेधडक वागतात, त्यांनी परंपरेतली सावधगिरी वाचलेली नसते.

तेव्हा आपण काय करावे? माझ्या सूचना साध्या आहेत आणि त्यांना फारसा खर्चही नाही. पहिली: अचानक भ्रमिष्ट झालेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सुई हातात घेऊ नये. बाहुल्या, काखेतला घाम आणि मूत्राशय. ताप आहे, काख कोरडी आहे आणि बाहुल्या मोठ्या आहेत, तर आधी विष आठवावे. दुसरी: 'काही खाल्ले का?' एवढे विचारून थांबू नये. त्याचे उत्तर नेहमी 'नाही' असेच येते. 'कुठे खेळत होता, सोबत कोण होते, तिथे कोणते झाड आहे, तुम्ही त्याला काय म्हणता?' असे विचारावे. घरातल्या एकाला त्या जागी पाठवून फांदी, फळ, जे असेल ते आणायला सांगावे. आणि हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला आधी विचारावा. तिसरी: आपल्या मंडळाने या परिसरातल्या विषारी झाडांचा एक रंगीत तक्ता करावा. दहा-बारा झाडे पुरेत. फूल, फळ आणि बी यांची छायाचित्रे आणि त्यांखाली मराठी, कन्नड व हिंदी-उर्दू नावे. तो प्रत्येक दवाखान्यात, अंगणवाडीत आणि शाळेत लागावा. कारखान्यांच्या वसाहतीत, जिथे बाहेरगावचे मजूर मुलाबाळांसह राहतात, तिथे तर अगोदर लागावा.

चौथी सूचना आपल्या आळसाविरुद्ध आहे. असा रुग्ण आला की चार ओळी लिहून ठेवाव्यात: वय, महिना, झाड, किती तासांनी आणले, काय दिले, काय झाले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांची अशी टिपणे ठेवली आणि प्राझोसिनचा उपयोग १९८६ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडला. खेड्यातल्या डॉक्टरचे टिपण किती दूर पोहोचू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मराठी डॉक्टरांना शोधावे लागणार नाही. आपण सगळे बावस्कर होणार नाही. पण दहा वर्षांनी 'आपल्याकडे अशी मुले किती येतात?' असे कुणी विचारले, तर अंदाजाने हात हलवण्याऐवजी एक वही पुढे करता येईल.

घरच्या मंडळींसाठीही दोन शब्द. मुलाने धोत्रा किंवा कोणतेही अनोळखी फळ खाल्ल्याचे कळले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. त्याने लहान मुलाच्या रक्तातले मीठ धोकादायक पातळीला जाते, आणि गुंगीत असलेल्या मुलाच्या फुफ्फुसात उलटी शिरते. तोंडातला उरलेला भाग बोटाने काढा, चूळ भरायला लावा आणि झाडाचा तुकडा बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. मूल बरळते आहे म्हणून दृष्ट काढत, अंगारा लावत बसू नका. लवकर आल्यास पोटातले विष शोषून घेण्यासाठी कोळशाची विशेष पूड देता येते, आणि धोत्र्याने जठर मंदावलेले असल्याने थोडा उशीर झाला तरी तिचा उपयोग होऊ शकतो. मुले थोडी कळती झाली की त्यांना हात धरून ते झाड दाखवा. 'तिकडे जाऊ नकोस' असे म्हटल्याने मूल नेमके तिकडेच जाते. 'हा धोत्रा, हा महादेवाचा, हा खायचा नाही' असे एकदा दाखवून सांगितले तर ते जन्मभर लक्षात ठेवते. आपल्याला असेच तर शिकवले होते.

त्या आजीची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तिला कशाची माफी, हेच कळले नाही. तिने पदराची गाठ पुन्हा सोडून मला पुडीतली साखर दिली आणि नातवाच्या कपाळावरून हात फिरवत बसली. तिला अक्षरओळख नव्हती. माझ्या भिंतीवरच्या पदव्यांच्या चौकटींत काय लिहिले आहे, ते तिला वाचता येत नव्हते. पण त्या रात्री त्या खोलीत विषशास्त्र जाणणारी पहिली व्यक्ती तीच होती, आणि तिचे बोलणे मी नीट ऐकून घ्यायला हवे होते.